रेसिफेचे किनारे: आधी भरती-ओहोटीचं कोष्टक, मग हॉटेल

प्रश्न असा आहे: ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या रेसिफे शहरात कुटुंबासह पाच-सहा दिवस राहायचं आहे. तिथे शार्कचे हल्ले होतात असं वाचलंय. मग समुद्रात उतरावं की नाही, कुठल्या किनाऱ्यावर जावं आणि कधी?

उतरता येतं, लहान मुलांना घेऊनही उतरता येतं. पण या शहरात किनारा कुठला यापेक्षा वेळ कुठली हे आधी ठरवावं लागतं. एकाच जागी सकाळी दहाला गुडघाभर कोमट पाण्यात मुलं मासे बघत बसलेली असतात आणि दुपारी चारला तिथेच पाण्यात पाय घालू नये अशी स्थिती असते. हा फरक ज्याला कळला त्याची सहल चांगली होते. बहुतेक पर्यटक विमानाची तारीख भाडं बघून ठरवतात आणि मग चार दिवस भरतीच्या वेळेला किनाऱ्यावर पोचत राहतात.

रेसिफे ही पेर्नांबुको राज्याची राजधानी. विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण 8 अंशांवर, कापिबारिबे आणि बेबेरिबे या नद्यांच्या मुखाशी वसलेली. शहराची वस्ती पंधरा लाखांच्या आसपास. जुना भाग बेटांवर आणि पुलांवर आहे, आजूबाजूला खाड्या आणि खारफुटी. किनारा पूर्वेकडे तोंड करून. शहराचा सगळा इतिहास ज्या बंदरावर उभा राहिला ते बंदर एका नैसर्गिक भिंतीमुळे झालं. वाळू आणि शंखशिंपले चुन्याने घट्ट जोडले जाऊन तयार झालेला हा खडक. कोकणात अशा खडकाला करल म्हणतात. इथे त्याची अरुंद, सरळ पट्टी किनाऱ्याला समांतर धावते. चार्ल्स डार्विन 1836 साली परतीच्या प्रवासात इथे उतरला होता. निसर्गाने घडवलेली असूनही माणसाने बांधल्यासारखी दिसणारी ही भिंत पाहून त्याने तिच्यावर स्वतंत्र टिपण लिहिलं. ओहोटीला ही भिंत पाण्याच्या वर येते आणि आतल्या बाजूला उथळ, शांत तळी तयार होतात. भरतीला ती बुडते आणि आतलं-बाहेरचं पाणी एक होतं. पुढची सगळी माहिती या एका गोष्टीवर बेतलेली आहे.

आता कोष्टक वाचायचं कसं. ब्राझीलचं नौदल दरवर्षी बंदरवार भरती-ओहोटीची कोष्टकं प्रसिद्ध करतं. त्यातलं रेसिफे बंदराचं घ्यायचं. दक्षिणेच्या पोर्तो दे गालिन्यास या गावासाठी सुआपे बंदराचं चालतं, वेळा जवळपास त्याच. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, मध्ये सहा तासांपेक्षा थोडं जास्त अंतर. मुंबईच्या उधाणाची भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते, रेसिफेची जेमतेम अडीच, ओहोटी 0.0 ते 0.3 मीटरपर्यंत उतरते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, मात्र ओहोटीही 0.7-0.8 वरच थांबते आणि खडक धड उघडे पडत नाहीत. म्हणून आकडा बघायचा: ओहोटी 0.5 किंवा त्याखाली असेल तर तळी चांगली तयार होतात, 0.6 च्या पुढे गेली की मजा कमी होत जाते.

आपल्याकडे कालनिर्णय भिंतीवर असतंच, त्यामुळे मराठी माणसाला हे सोपं जावं. मुंबईत तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला ती बाराच्या सुमारास येते. रेसिफेत त्याच दिवशी भरती पहाटे आणि संध्याकाळी चारच्या सुमारास असते, आणि ओहोटी सकाळी दहा-साडेदहाला. तिथून पुढे रोज पाऊण ते एक तास उशीर. म्हणजे पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दोन दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत, साडेआठ ते दीडच्या दरम्यान, चांगली खोल ओहोटी उजेडात मिळते. अष्टमीच्या आसपास उलटं: सकाळी दहाला भरती, ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी चारला, तीही अर्धवट. तिकीट काढण्याआधी हे बघा. तारखा चार दिवस मागेपुढे केल्या तर सहल वेगळीच होते. हा अंदाज तारीख निवडण्यापुरता. प्रत्यक्ष त्या दिवशी छापील वेळच धरा, आणि ती स्थानिक वेळ असते, भारतापेक्षा साडेआठ तास मागे.

शार्कबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण एकतर लोक घाबरून पाण्याकडे फिरकत नाहीत किंवा "इतके जण पोहताहेत की" म्हणून निर्धास्त होतात. 1992 पासून पेर्नांबुकोत 60 हून अधिक हल्ल्यांची नोंद झाली आहे आणि त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश जणांचा जीव गेला. इतक्या छोट्या पट्ट्यात हे प्रमाण फार मोठं आहे. हल्ले करणाऱ्या जाती मुख्यतः दोन: टायगर शार्क आणि बुल शार्क. बुल शार्क गोड्या पाण्यातही शिरतो आणि त्याच्या माद्या खाड्यांमध्ये पिलं घालतात. शहराच्या दक्षिणेला सुआपे बंदर बांधताना इपोजुका नदीचं समुद्राकडचं तोंड अडलं; या माद्या उत्तरेच्या जाबोआतांव नदीच्या मुखाकडे सरकल्या असाव्यात, असं अभ्यासकांचं मत आहे. शिवाय बंदराकडे येणाऱ्या जहाजांच्या मागे टायगर शार्क येतात, किनाऱ्याजवळून प्रवाह उत्तरेकडे वाहतो, आणि खडकाच्या बाहेर किनाऱ्याला समांतर एक खोल नाली आहे. हे सगळं बोआ व्हियाजेम आणि पियेदादे या गजबजलेल्या किनाऱ्यांसमोर एकत्र येतं. एकट्या बंदरावर सगळं ढकलता येत नाही, पण 1992 नंतरच हे का वाढलं याचं सर्वात पटणारं उत्तर याच साखळीत आहे.

सरकारने 1999 पासून या पट्ट्यात सर्फिंग आणि तत्सम खेळांवर बंदी घातली आहे: दक्षिणेला पायवापासून उत्तरेला ओलिंदापर्यंत. 2004 पासून राज्याची एक समिती घटनांची नोंद ठेवते आणि किनाऱ्यावर लाल-पांढऱ्या इशाऱ्याच्या पाट्या लावते. पियेदादेच्या छोट्या चर्चसमोर खडकाची भिंत तुटलेली आहे, खोल पाणी थेट किनाऱ्यापर्यंत येतं आणि तिथे वारंवार हल्ले झाले. त्या भागात 2021 मध्ये पाण्यात उतरण्यावरच बंदी घातली गेली. तिथे फिरा, बसा, पाण्यात जाऊ नका.

बाकी ठिकाणी पाळायचं ते असं. समोर खडकाची सलग भिंत दिसत असेल तरच उतरायचं, ती पाण्याबाहेर असतानाच, आणि आतल्या बाजूला. ओहोटीच्या दोन तास आधी उतरा, ओहोटीनंतर तासाभरात बाहेर या. खडकावरून पहिली लाट आत सांडली की मुलांना हाक मारायची वेळ झाली. कंबरेच्या वर पाणी नको. गढूळ पाणी, नदीमुख, पहाट आणि तिन्हीसांजा, एकटं पोहणं, दारू पिऊन पोहणं, चमकणारे दागिने, अंगावर वाहती जखम हे सगळं टाळायचं. स्थानिक यंत्रणा पौर्णिमा-अमावास्येला पाण्यात जाऊ नका असंही सांगतात आणि वर तर मी त्याच दिवसांची शिफारस केली. दोन्ही खरं आहे: त्या दिवशी ओहोटी सर्वात खोल असते तशी भरतीही सर्वात उंच, आणि दुपारी ती भिंतीवरून सहज आत येते. सकाळची ती दोन-तीन तासांची खिडकी वापरायची आणि दुपारनंतर वाळूवरच राहायचं. एवढी शिस्त जमणार नसेल तर त्या दिवशी शहरात फक्त पाय भिजवा.

बोआ व्हियाजेम हा शहराचा मुख्य किनारा. उत्तरेला पिना, दक्षिणेला पियेदादे आणि कांदेयास. पिना धरून शहराच्या हद्दीत सात-आठ किलोमीटरची सलग पुळण. मागे उंच इमारतींची भिंत आहे आणि ती पश्चिमेला असल्यामुळे दुपारी तीनच्या सुमारास वाळूवर सावली पसरते. ऊन हवं असेल त्यांची यामुळे निराशा होते, लहान मुलं बरोबर असतील तर मात्र हा फायदाच. सूर्य इथे वर्षभर पाचच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मावळतो, सहाला पूर्ण अंधार. त्यामुळे शहर पहाटेच जागं असतं. सकाळी सहाला किनाऱ्यावर चालणाऱ्यांची गर्दी बघून घ्या आणि आपला दिवसही तसाच लावा. दक्षिणेच्या काही भागात समुद्राने वाळू खाल्ली आहे आणि रस्ता वाचवायला दगडांचा बांध घातला आहे. तिथे भरतीला बसायला जागाच उरत नाही, म्हणून हॉटेल निवडताना समोर वाळू आहे की दगड हे बघून घ्या. खडकाची चांगली भिंत बोआ व्हियाजेमच्या मधल्या भागात आणि पिनाच्या बाजूला मिळते. खुर्ची-छत्री देणारे जागोजागी असतात; बसण्याआधी भाडं किती आणि खाण्यापिण्याची किमान रक्कम आहे का, एवढं विचारायचंच.

खडकावर चालताना पायात जाड तळाची रबरी चप्पल किंवा पाण्यातले बूट लागतात. भेगांमध्ये काळ्या काट्यांचे समुद्री अर्चिन बसलेले असतात. काटा पायात मोडला की तो ठिसूळ असल्याने चिमट्याने निघत नाही, तुकडे आत राहतात आणि दोन दिवस चालणं बंद. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, पूर्वेच्या वाऱ्याबरोबर निळसर फुग्यासारखे, जेलीफिशसारखे विषारी जीव किनाऱ्याला लागतात. वाळूत पडलेलाही हात लावायचा नाही. लागलाच तर समुद्राच्या पाण्याने धुवा, व्हिनेगर लावा, गोडं पाणी लावू नका आणि चोळू तर अजिबात नका. जीवरक्षक अग्निशमन दलाचे असतात, त्यांचा फोन 193, रुग्णवाहिकेचा 192.

निवांत पाण्यात डुंबायचं असेल तर खरा दिवस पोर्तो दे गालिन्यासला द्या. रेसिफेच्या दक्षिणेला सुमारे 60 किलोमीटर, गाडीने तास-दीड तास. गावासमोरच खडकाचे विस्तीर्ण कट्टे आहेत. ओहोटीला त्यांत तळी राहतात; त्यांतलं एक ब्राझीलच्या नकाशाच्या आकाराचं म्हणून प्रसिद्ध आहे. तिथवर जांगादा नावाच्या शिडाच्या तराफ्यातून नेतात. लाकडाचा सपाट तराफा, तिकोनी शीड, बसायला फळ्या, आणि उथळ पाण्यात नावाडी लांब बांबूने ढकलत नेतो. तिकीट किनाऱ्यावरच्या जांगादावाल्यांच्या संघटनेच्या खिडकीवर काढायचं, वाटेत गाठ पडणाऱ्या दलालाकडून नको. फेऱ्या ओहोटीच्या दोन-एक तास आधी सुरू होतात आणि पाणी चढू लागलं की थांबतात. ओहोटी दहाची असेल तर रेसिफेहून साडेसहा-सातला निघायला हवं. निवांत नाश्ता आटोपून उशिरा निघालेली मंडळी पाणी चढल्यावर पोचतात आणि त्यांना फक्त निळं पाणी दिसतं, खडक दिसतच नाहीत. पाण्याचा चष्मा स्वतःचा न्या. माशांना खायला घालू नका आणि ठरवून दिलेल्या वाटेबाहेर खडकावर पाय ठेवू नका. दगड वाटतो त्यात जिवंत प्रवाळ आहे, आणि पाणी तापल्यामुळे अलीकडच्या वर्षांत ते आधीच पांढरं पडून मरतं आहे.

तुमच्या तारखा भांगात येत असतील तर त्याच गावाच्या उत्तरेला मुरो आल्तो आहे. तिथली खडकाची भिंत लांब आणि उंच, त्यामुळे अर्ध्या भरतीलाही आत सरोवरासारखं पाणी राहतं. कयाक चालवायला, मुलांना पोहायला शिकवायला याहून चांगली जागा या किनाऱ्यावर मला वाटत नाही. दक्षिणेला माराकाईपेत लाटा उघड्या येतात. सर्फिंग करायचं असेल तर तिथे, बंदीच्या पट्ट्याबाहेर. जवळच्या खाडीत तराफ्यातून समुद्री घोडे दाखवतात. घोडा पाण्यातच बघायचा, बाटलीत काढून दाखवायला सांगू नका.

आणखी खाली तामांदारेजवळ कार्नेरोसचा किनारा आहे, रेसिफेहून सव्वाशे किलोमीटरच्या आत. माडांची रांग आणि वाळूवरच उभं असलेलं सेंट बेनेडिक्टचं छोटं पांढरं चर्च. छायाचित्रं त्याचीच असतात. एका दिवसात जाऊन येता येतं, पण थकवा येतो, एक मुक्काम करावा. इथून दक्षिणेच्या मासेयो शहरापर्यंतचा किनारा 1997 पासून संरक्षित आहे. उत्तरेला इतामाराका बेट, उथळ आणि शांत. तिथला ऑरेंज किल्ला मुळात डचांनी 1631 मध्ये उभारला. फेर्नांदो दे नोरोन्या हे द्वीप याच राज्यात असलं तरी 500 किलोमीटरहून दूर आहे, विमानाने जावं लागतं, राहण्याच्या दिवसांनुसार पर्यावरण कर भरावा लागतो. पाच दिवसांत ते कोंबू नका.

भरतीच्या वेळा शहरासाठी ठेवा. डच 1630 ते 1654 इथे होते, आणि त्या काळात ज्यूंना उघडपणे उपासना करता आली. अमेरिका खंडातलं पहिलं सिनेगॉग जुन्या रेसिफेतल्या बोम जेझुस रस्त्यावर आहे. त्याच रस्त्यावर रविवारी हस्तकलेचा बाजार भरतो. जवळच मार्को झेरो चौक, तिथून छोट्या होडीने समोरच्या भिंतीवर फ्रान्सिस्को ब्रेनांदच्या शिल्पांच्या बागेत जाता येतं. खडकाची ती पट्टी जवळून बघायला ही चांगली जागा. ओलिंदा अगदी लगत, टेकडीवरचं जुनं गाव, 1982 पासून जागतिक वारसा. तिथे चढ उभे आणि फरशा गुळगुळीत आहेत. सकाळी किंवा चारनंतर जा. संग्रहालयं सोमवारी बहुतेक बंद. अंधार पडल्यावर जुन्या शहरात पायी भटकू नका, ॲपवरून टॅक्सी मागवा, किनाऱ्यावर फोन हातात मिरवू नका. कार्निव्हलच्या आठवड्यात यायचं असेल तर ती वेगळीच सहल आहे: शनिवारी निघणाऱ्या गालो दा माद्रुगादाच्या मिरवणुकीने मध्य शहर पूर्ण बंद होतं आणि हॉटेलं खूप आधी भरतात.

खाण्यात आपल्या माणसाला अनोळखी फार कमी वाटेल. काजू मूळचा याच किनाऱ्याचा; पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात गोव्यात नेला. उलट बाजूने आंबा, फणस आणि माड त्यांच्याच जहाजांतून इकडे आले. बोंडूचा रस इथे गल्लोगल्ली मिळतो, शहाळं प्रत्येक कोपऱ्यावर. ओलिंदाच्या आल्तो दा से टेकडीवर बायका तापियोका करतात ते थांबून बघा. ज्या कसावा कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याचंच ओलसर पीठ चाळणीतून गरम तव्यावर भुरभुरतात. तेल नाही, पाणी नाही. उष्णतेने कण आपोआप एकमेकांना चिकटतात आणि पांढरी घडी तयार होते. कडा सुटल्या की त्यात ओला नारळ आणि कोआल्यो चीज घालून दुमडतात. शाकाहारी माणसाचं पोट यावर भरतं. किनाऱ्यावर काडीला लावून भाजलेलं हेच चीज, उकडलेले शेंगदाणे, मक्याचे पदार्थ, उकडलेला कसावा हेही चालतं. छोट्या पेल्यातून मिळणारं काल्दिन्यो नावाचं कढण घट्ट आणि चवदार असतं, पण घेवड्याच्या कढणातही मांसाचे तुकडे असतात. "सें कार्नी" म्हटलं तर मांस काढतात, मासे आणि कोंबडी मात्र त्यांच्या लेखी त्यात येत नाहीत. ती वेगळी सांगावी लागतात.

महिना निवडताना आपल्या पावसाळ्याचा हिशोब इथे चालत नाही. इथे पाऊस एप्रिल ते जुलै, जूनमध्ये सर्वात जोरात. 2022 च्या मे अखेरीस शहराभोवतीच्या टेकड्या खचून शंभराहून अधिक माणसं गेली. पावसाळ्यात नद्यांचा गाळ समुद्रात येतो, तळी गढूळ होतात आणि गढूळ पाण्यात उतरायचं नाही हे वर सांगितलंच आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आग्नेयेचा वारा जोरात असतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाणी सर्वात स्वच्छ. त्यातही जानेवारीत स्थानिक सुट्ट्यांची गर्दी, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. दिवाळीची सुट्टी यात बसते आणि लक्ष्मीपूजन अमावास्येलाच येत असल्याने पाडवा-भाऊबीजेचे दिवस ओहोटीच्या दृष्टीने नेमके चांगले पडतात. पाणी वर्षभर 26 ते 29 अंश, थंड कधीच नसतं. ऊन मात्र डोक्यावर येतं. दहा ते दोन पाण्यात असाल तर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला, नुसत्या मलमावर भागत नाही.

कागदपत्रांत दोन गोष्टी. भारतीय पासपोर्टवर ब्राझीलचा व्हिसा लागतो, तो आधी काढा. आणि पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. ती ब्राझीलमध्ये शिरताना कुणी विचारो न विचारो, परतताना भारताच्या विमानतळावर विचारतात; ब्राझील भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहे आणि दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. या केंद्रांत लशीचे वार ठरलेले असतात आणि नंबर लवकर लागत नाही, तेव्हा तिकीट काढलं त्याच आठवड्यात वेळ घ्या. दाखला आयुष्यभर चालतो. मूळ पिवळं पुस्तक हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका.